डीलच्या आधी पाच शब्द टाइप करा

संगणक-सोबती : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

या वेळच्या पत्रांत एकच काळजी वेगवेगळ्या तोंडांनी बोलते आहे. सॉफ्टवेअर विकत घ्यावं, महिन्याच्या भाड्यानं घ्यावं, की फुकटचं वापरावं? मी सांगलीत वेबसाइट करून देण्याचं काम करते. हळदीचे अडते, पतसंस्था, डॉक्टर, शाळा ही माझी गिऱ्हाइकं. त्यामुळे हा प्रश्न माझ्याही टेबलावर रोजचाच आहे. उत्तरं त्याच अनुभवातून देते आहे.

आमचं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. हल्ली गिऱ्हाईक वेबसाइट आणि सोशल मीडियाच्या पोस्टही मागतं. फोटोशॉपचं सबस्क्रिप्शन परवडत नाही. मुलगा म्हणतो क्रॅक टाकू, शेजारच्या दुकानातही तेच आहे. काय करावं?
— दुकानदार, बार्शी

क्रॅक टाकू नका, आणि मुलाला कारण सांगून थांबवा. क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्सचं कुलूप फोडलेलं, सॉफ्टवेअर चालू करताना पहिली सूचना असते, ‘अँटीव्हायरस बंद करा’. त्या पाच मिनिटांत तुमच्या मशीनमध्ये काय शिरलं हे तुम्हाला कधीच कळत नाही. दुकानाच्या त्याच मशीनवर गिऱ्हाइकांनी प्रिंटसाठी पाठवलेली आधार कार्डं असतात, व्हॉट्सॲप वेब उघडं असतं, बँकेचं लॉगिन असतं. चोरीचा माल वापरण्याचा प्रश्न आहेच, पण तुमच्या भरवशावर कागद देऊन गेलेल्या माणसांचा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो.

आता पैशांचं. ॲडोबीनं २०१३मध्ये डबाबंद विक्रीऐवजी सबस्क्रिप्शनचा रस्ता धरला. सीएस६ ही शेवटची कायमची विकत मिळणारी आवृत्ती. सबस्क्रिप्शन घेताना ‘वार्षिक, हप्ता मासिक’ आणि ‘मासिक’ या दोन योजनांतला फरक नीट वाचा. पहिली दिसते महिन्याची, पण करार वर्षाचा असतो. पहिल्या १४ दिवसांत सोडली तर पैसे परत मिळतात. त्यानंतर सोडली तर उरलेल्या महिन्यांच्या रकमेपैकी निम्मी भरावी लागते. ही अट ग्राहकांपासून दडवल्याचा ठपका ठेवून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या शिफारशीवरून तिथल्या न्याय खात्यानं जून २०२४मध्ये ॲडोबीवर दावा लावला होता. तुमचं काम लग्नसराईतच तुंबत असेल, तर खरी मासिक योजना तेवढ्याच दोन-तीन महिन्यांसाठी घ्या. महिन्याचा आकडा जास्त दिसेल, पण वर्षाचा हिशेब कमी येईल.

बाकीच्या महिन्यांत फुकटच्या साधनांवर काम होऊ शकतं. फोटो दुरुस्तीला गिंप आहे. ते १९९६पासून आहे आणि मार्च २०२५मध्ये त्याची तिसरी मोठी आवृत्ती आली. तीत लावलेला फिल्टर मागाहून बदलता येतो. ही सोय नसणं इतकी वर्षं फार खुपत होतं. लोगो, व्हिजिटिंग कार्ड, आयकॉन यांसाठी इंकस्केप. छपाईच्या सीएमवायके रंगांत पानं लावायची तर गिंपच्या नादी न लागता स्क्रायबस घ्या. वेबपानाची मांडणी आधी चित्र म्हणून दाखवायची असेल तर फिग्माची फुकट योजना किंवा पेनपॉट. पेनपॉट माद्रिदच्या एका कंपनीनं केलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि आपलं काम थेट एसव्हीजी या खुल्या चित्रप्रकाराच्या भाषेत ठेवतं, म्हणून मला त्याचा विश्वास अधिक वाटतो. कुणी फोटोशॉपची पीएसडी फाइल पाठवली आणि ती फक्त उघडून मजकूर बदलायचा असेल, तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी पुरतं. ॲफिनिटीचंही बघून ठेवा. ते बनवणारी सेरिफ ही कंपनी कॅन्व्हानं मार्च २०२४मध्ये घेतली आणि ऑक्टोबर २०२५मध्ये फोटो, चित्र आणि पानमांडणी हे सगळं एका ॲपमध्ये घालून ते फुकट केलं. त्यासाठी कॅन्व्हाचं खातं उघडावं लागतं, आणि त्यातली एआयची साधनं मात्र पैसे भरणाऱ्यांनाच मिळतात.

हे सगळं खरं असलं तरी तुमचं काम मराठीत आहे, आणि परीक्षणं लिहिणारे मराठी टाइप करून बघत नाहीत. म्हणून मी कुठलंही सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यात पाच शब्द टाइप करते: दुसऱ्या, किल्ली, सूर्य, श्रद्धा, ॲप. ‘दुसऱ्या’मध्ये र अर्धा होऊन य-च्या डाव्या बाजूला आडवा चिकटला पाहिजे, त्याचा रफार होऊन य-च्या डोक्यावर चढला, किंवा र-चा पाय मोडलेला दिसला, तर ते सॉफ्टवेअर मराठीसाठी निकामी. ‘किल्ली’त पहिली वेलांटी क-च्या आधी आली का बघा. ‘सूर्य’मध्ये रफार य-वर बसला का, ‘श्रद्धा’तली दोन्ही जोडाक्षरं जुळली का, आणि ‘ॲप’चं पहिलं अक्षर चौकोन न होता उमटलं का. हे ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फाँटांत ते सापडत नाही.

गिंप आणि इंकस्केप या परीक्षेत पास होतात. फोटोशॉपही होतं, पण टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय, नव्या आवृत्त्यांत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’, आधी निवडावा लागतो. वेलांटी उलट पडते म्हणून माणसं फोटोशॉपला दोष देतात, त्यांत बऱ्याच जणांनी ही खूण केलेलीच नसते. ॲफिनिटीच्या जुन्या आवृत्त्या देवनागरीत अडखळत. म्हणून तिथे पाचही शब्द स्वतः टाइप करून, पीडीएफ काढून, ती पीडीएफ दुसऱ्या मशीनवर उघडून बघा आणि मगच त्यावर गिऱ्हाइकाचं काम घ्या.

एक शेवटचं. तुमच्याकडे कोरलड्रॉच्या सीडीआर फायलींचा वर्षानुवर्षांचा साठा असणार. इंकस्केप त्यांतल्या काही उघडतं, पण छाया, ग्रेडियंट आणि मजकूर हलतो. कोरल मशीनवर आहे तोवर महत्त्वाच्या कामांच्या पीडीएफ आणि एसव्हीजी प्रती काढून ठेवा. रोज संध्याकाळी दुकान आवरताना चार-चार फायली काढल्यात तरी पावसाळ्यापर्यंत बरंच हातावेगळं होईल.

एका परदेशी साइटवर फॉर्म बनवायच्या ॲपची ‘लाइफटाइम डील’ ५९ डॉलरला आहे. एरवी ते महिन्याला पैसे घेतात. काउंटडाउन चालू आहे. घेऊ का?
— वेब डिझायनर, नाशिक

काउंटडाउनकडे बघू नका. तो संपल्यावर बहुतेक वेळा दुसरा सुरू होतो. आणि डिझायनरसाठीच्या सवलतींचा खरा मोसम नोव्हेंबरच्या शेवटी, ब्लॅक फ्रायडेच्या आसपास असतो, हे लक्षात ठेवा.

लाइफटाइम म्हणजे तुमचं आयुष्य नव्हे, त्या प्रॉडक्टचं. ते प्रॉडक्ट किती जगेल याचा अंदाज घ्यायला मी एकच गोष्ट तपासते: मी वापरत राहिले तर विकणाऱ्याला दरमहा खर्च येतो का? फॉर्मच्या ॲपमध्ये येतो. तुमच्या गिऱ्हाइकांनी भरलेल्या नोंदी त्यांच्या सर्व्हरवर साठतात, प्रत्येक नोंदीचा ईमेल ते पाठवतात. तुमचे ५९ डॉलर एकदाच आले आणि खर्च चालूच राहिला, तर काही वर्षांत दोनपैकी एक होतं: सोयी कापल्या जातात किंवा कंपनी बंद पडते. एआयवर चालणाऱ्या साधनांत तर प्रत्येक क्लिकला त्यांचा पैसा जातो, म्हणून तिथली लाइफटाइम डील मी घेतच नाही. याउलट जे तुमच्या मशीनवर किंवा तुमच्याच होस्टिंगवर चालतं, म्हणजे फाँट, वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरचं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर), डेस्कटॉपवरचं सॉफ्टवेअर, त्याची लाइफटाइम डील घ्यायला हरकत नाही. कंपनी उद्या उठली तरी तुमच्याकडची प्रत निदान चालत राहते. प्लगइनला मात्र सुरक्षेचे अपडेट लागतात, तेवढं ध्यानात असू द्या.

माझ्या ओळखीच्या एका डिझायनरनं अपॉइंटमेंट घेण्याचं ॲप असंच लाइफटाइमवर घेतलं आणि तीन दवाखान्यांच्या साइटवर बसवलं. ते ॲप महिन्याभराची नोटीस देऊन बंद झालं. रुग्णांच्या नोंदी उतरवून घ्यायला फक्त एकेक पान छापायची सोय होती. तिनं आणि तिच्या भावानं रात्री बसून त्या हातानं एक्सेलमध्ये भरल्या. तेव्हापासून मी कुठल्याही ॲपमध्ये आधी ‘एक्सपोर्ट’चं बटण शोधते. सगळा डेटा सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या तक्त्याच्या, फाइलमध्ये एका दमात उतरवता आला तरच पुढे बोलायचं.

तुम्हाला मोह होतच असेल तर अशी डील परतीची मुदत असलेल्या ठिकाणीच घ्या. ॲपसुमो या अशा डील विकणाऱ्या साइटवर बहुतेक डीलना ६० दिवसांत पैसे परत मिळतात. ही मुदत संपायच्या आत एका खऱ्या कामावर ॲप वापरून बघा, आणि परतीची तारीख मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा. ५९ डॉलर म्हणजे नुसता डॉलरचा दर नव्हे. कार्डाचा परकी चलनाचा मार्कअप, म्हणजे बँकेची वरची आकारणी, साधारण दोन ते साडेतीन टक्के असतो, त्या मार्कअपवर जीएसटी, आणि मूळ सेवेवर १८ टक्के आयजीएसटी लागू शकतो. तुम्ही जीएसटीत नोंदणीकृत असाल तर बिलावर तुमचा नंबर घालून घ्या आणि रिव्हर्स चार्जचं, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानं कर भरायच्या नियमाचं, तुमच्या सीएला विचारा.

तुमच्या प्रश्नापुरतं सांगायचं तर नका घेऊ. साइट वर्डप्रेसवर असेल तर ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ फुकट आहे. ते आलेली नोंद फक्त ईमेलनं पाठवतं, साठवत नाही. त्याच लेखकाचं ‘फ्लेमिंगो’ प्लगइन जोडीला टाकलंत की नोंदी तुमच्याच डेटाबेसमध्ये राहतात आणि सीएसव्हीत उतरतातही.

विनरार रोज पैसे मागतं. काही होईल का?
— वाचक, अकोला

काही होणार नाही, पण चाचणीची मुदत ४० दिवसांची आहे आणि त्यानंतर पैसे भरणं हाच नियम आहे. नाही भरायचे तर ते काढून सेव्हन-झिप हे फायली दाबून लहान करायचं सॉफ्टवेअर टाका. ते फुकट आहे, धंद्यात वापरायलाही, आणि आरएआर फायली उघडतं.

आमचं वाचनालय शतकापेक्षा जुनं आहे. वार्षिक अहवाल, स्मरणिका, व्याख्यानांची टिपणं हे सगळं वीस-पंचवीस वर्षांपूर्वी श्रीलिपी आणि शिवाजी फाँटात टाइप केलेलं आहे. ते वेबसाइटवर टाकायचं आहे. डिझायनर म्हणतो, पानांचे फोटो काढून टाकू. तसं करावं का?
— ग्रंथपाल, रत्नागिरी जिल्हा

हे पत्र वाचून मला फार आनंद झाला, आणि थोडी धास्तीही वाटली. फोटो टाकलेत तर पानं दिसतील, पण सापडणार नाहीत. तुमच्या गावातल्या एखाद्या व्याख्यात्याचं नाव कुणी गूगलवर शोधलं तर ते त्या फोटोतून बहुधा वर येणार नाही. अंध वाचकाच्या मशीनला ते धड वाचून दाखवता येणार नाही. मजकूर मजकूर म्हणूनच गेला पाहिजे.

अडचण अशी आहे की जुन्या फाँटांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवले होते. फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच आहेत. तो विशिष्ट फाँट लावला की ती मराठी दिसतात. फाँट काढा, की पान इंग्रजी कचऱ्यानं भरतं. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतःचा खंड आहे, म्हणून तिथे क हा कुठल्याही फाँटात, कुठल्याही मशीनवर क-च राहतो. जुन्यातून नव्यात नेणारे कन्व्हर्टर मिळतात, फुकटही मिळतात. पण प्रत्येक फाँटानं आकार वेगळ्या जागी ठेवले होते, आणि श्रीलिपीच्या आतच एकाहून जास्त मांडण्या आहेत. म्हणून आधी वर्डमध्ये मजकूर निवडून फाँटाचं नेमकं नाव लिहून घ्या आणि त्याच नावाचा कन्व्हर्टर लावा.

काम असं करा. सगळ्या मूळ फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून बाजूला ठेवा; तिला हात लावायचा नाही. मग एका अहवालाचं एकच पान बदलून बघा आणि मूळ छापील प्रतीशी अक्षरन्‌अक्षर ताडा. चुका कुठे पडतात ते मी सांगते. ऱ्य आणि ऱ्ह जवळपास नेहमीच बिघडतात: ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘कऱ्हाड’चं ‘कर्हाड’. पहिली वेलांटी जोडाक्षराला असली, ‘स्थिती’, ‘व्यक्तिमत्त्व’ अशा शब्दांत, की ती मधल्या अक्षरावर जाऊन बसते. रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर असले, जसं ‘सर्वांनी’, तर त्यांतला एक गळतो. अवतरण चिन्हांच्या जागी भलतीच अक्षरं येतात. मजकुरात मधेच इंग्रजी शब्द असेल तर कन्व्हर्टर त्यालाही मराठी समजून त्याचा चुराडा करतो. म्हणून बदलण्याआधी इंग्रजी शब्द वेगळ्या रंगानं खुणावून ठेवा.

या चुका ठरावीक असतात, हे आपलं नशीब. एका वहीत डावीकडे चुकीचं, उजवीकडे बरोबर अशी यादी करा आणि लिबरऑफिसमध्ये शोधा-बदला करत जा. पहिल्या अहवालाला वेळ लागेल, पुढचे भराभर होतील. फक्त ‘र्य’चं सरसकट ‘ऱ्य’ करू नका, नाहीतर ‘सूर्य’ आणि ‘कार्य’ बिघडतील. तिथे प्रत्येक शब्द डोळ्यांखालून गेला पाहिजे. ऱ्य हातानं टाइप करायचं तर इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून र-ची कळ दाबली की ऱ येतो, मग पाय मोडायची कळ, मग य.

ज्या स्मरणिकांच्या फायलीच उरल्या नाहीत, फक्त छापील प्रती आहेत, त्यांच्यासाठी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं तंत्र, आहे. टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर मराठी ओळखतं. गूगल ड्राइव्हवर पानाचा स्कॅन टाकून तो डॉक्स म्हणून उघडला तरी मजकूर सुटा होतो. पान सरळ ठेवा, ३०० डीपीआयला स्कॅन करा. दोन्हींत मुद्रितशोधन लागतंच. गावातल्या निवृत्त शिक्षकांना बोलवा, ते मनापासून करतील.

साइटवर फाँट कुठला? एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे मुक्त आणि बलू, गूगलचा नोटो, आणि लांबलचक वाचनासाठी टिरो देवनागरी मराठी हे सगळे ओपन फाँट लायसन्सखाली आहेत. संस्थेच्या, धंद्याच्या, कुठल्याही साइटवर फुकट वापरा. मला वाचनालयासाठी टिरो आवडेल. त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत. ज्या फाँटांत हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं आहेत तिथे मराठी वळण आपोआप यावं म्हणून पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याचं नोंदवावं लागतं. तुमच्या डिझायनरला सांगा, एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये लँग ही खूण एमआर अशी ठेव. बऱ्याच मराठी साइटवर तिथे इंग्रजीचीच खूण राहून गेलेली असते.

मोफत मिळालेली ‘प्रीमियम’ वर्डप्रेस थीम टाकली. आता मोबाइलवर साइट उघडली की जुगाराच्या जाहिराती येतात, माझ्या लॅपटॉपवर मात्र येत नाहीत.
— वाचक, छत्रपती संभाजीनगर

ती थीम ‘नल्ड’ होती, म्हणजे लायसन्सची तपासणी काढून वाटलेली, आणि वाटणाऱ्यानं तिच्यात आपला कोड घातलेला. अशा थीममधून पसरणारा डब्ल्यूपी-व्हीसीडी नावाचा मालवेअर कुप्रसिद्ध आहे. तो थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये शिरतो, मग बाकीच्या थीममध्ये आणि त्याच होस्टिंगवरच्या शेजारच्या साइटमध्येही. लॉगिन केलेल्या मालकाला जाहिराती न दाखवणं ही अशा कोडची नेहमीची युक्ती आहे, म्हणून तुम्हाला त्या दिसत नाहीत.

नुसती थीम काढून भागणार नाही. बाधा व्हायच्या आधीचा बॅकअप असेल तर तोच परत लावा. नसेल तर वर्डप्रेस, सगळ्या थीम आणि प्लगइन मूळ ठिकाणाहून नव्यानं टाका. वापरकर्त्यांच्या यादीत अनोळखी ॲडमिन आहे का बघा, आणि होस्टिंग, डेटाबेस, ईमेल असे सगळे पासवर्ड बदला. त्या होस्टिंगवर दुसऱ्या कुणाची साइट असेल तर त्यांना आजच कळवा. पुढच्या वेळी वर्डप्रेसच्या स्वतःच्या संग्रहातली जनरेटप्रेस, ॲस्ट्रा किंवा केडन्सची फुकट आवृत्ती घ्या. छोट्या धंद्याच्या साइटला ती भरपूर होते.

होस्टिंग ‘महिना ६९ रुपये’ म्हणून जाहिरात आहे. एसएसएलचे वेगळे पैसे आहेत. गिऱ्हाइकाला हेच घेऊन देऊ का? डोमेन मी माझ्याच खात्यावर घेतो, सोपं पडतं.
— नवशिका डिझायनर, लातूर

६९ हा आकडा बहुधा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच लागू होतो, आणि नूतनीकरणाला दुप्पट-तिप्पट होतो. पैसे भरायच्या पानावर नूतनीकरणाचा दर बारीक अक्षरांत असतो. तो आकडा गिऱ्हाइकाला कोटेशनमध्येच लिहून द्या, म्हणजे नूतनीकरणाच्या वेळी तुमचं तोंड कडू होणार नाही. छोट्या साइटसाठी एसएसएलचे, म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या सर्टिफिकेटचे, पैसे भरू नका. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था सर्टिफिकेट फुकट देते. ज्या होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ते आपोआप लागतं आणि आपोआप नवं होतं, तेच होस्टिंग घ्या.

डोमेनबद्दल, म्हणजे साइटच्या नावाबद्दल, मात्र मला तुम्हाला आग्रहानं सांगायचं आहे. ते गिऱ्हाइकाच्या नावावर, गिऱ्हाइकाच्या ईमेलवर, गिऱ्हाइकाच्या पैशांतून घ्या. तुम्ही आजारी पडलात, नोकरीला लागलात, गाव सोडलंत, तर त्या माणसाच्या दुकानाची पाटीच तुमच्या खात्यात अडकते. माझ्याकडे येणाऱ्या नव्या गिऱ्हाइकांत ‘आधीचा मुलगा फोन उचलत नाही’ ही तक्रार सर्वांत जास्त असते. ज्यांची डोमेन सध्या तुमच्या खात्यात आहेत, त्यांची खाती उघडून द्या आणि ट्रान्सफर करा. रजिस्ट्रारकडून, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडून, त्यासाठी ऑथ कोड मिळतो. हे करून देणाऱ्या डिझायनरला गिऱ्हाईक सोडून जात नाही, असा माझा अनुभव आहे.

पीडीएफ जोडायला एक ॲप ‘सात दिवस फुकट’ म्हणून घेतलं. आता दरमहा पैसे कटतात. ॲप तर मी केव्हाच काढून टाकलं आहे.
— गृहिणी, डोंबिवली

ॲप काढलं तरी पैसे कापायची परवानगी तशीच राहते, म्हणून असं होतं. फोनच्या ॲप स्टोअरमध्ये आपल्या खात्यात ‘सबस्क्रिप्शन’ असा भाग असतो, तिथून रद्द करा. यूपीआयवरून कटत असतील तर तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅन्डेट’ या भागात जाऊन ते बंद करा. कार्डावरून असतील तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा साइटवर ई-मॅन्डेटची यादी असते. ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेचे नियम असे आहेत की पैसे कापायच्या निदान २४ तास आधी बँकेनं कळवलं पाहिजे आणि मॅन्डेट रद्द करायची सोय दिली पाहिजे. १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम दर वेळी ओटीपी न मागता कापता येते, म्हणून ‘ओटीपी आलाच नाही’ असं होतं. तो आधीचा मेसेज येतो, पण जाहिरातींच्या मेसेजमध्ये हरवतो. बँकेचे मेसेज वेगळे दिसतील असं करून घ्या.

पीडीएफ जोडायला, तोडायला पीडीएफसॅम बेसिक हे फुकट सॉफ्टवेअर संगणकावर टाका. ते तुमच्या मशीनवरच काम करतं. आधार, पॅन, सातबारा, बँकेची स्टेटमेंट असले कागद ‘ऑनलाइन पीडीएफ जोडा’ म्हणणाऱ्या कुठल्याही साइटवर चढवू नका.

माझा संगणक विंडोज १०चा आहे. तो अकराला चालत नाही म्हणतात. बाजारात चारशे रुपयांत विंडोजची ‘ओरिजिनल की’ मिळते. घेऊ का? मी फक्त ईमेल, बँक आणि मराठी लेखन करतो.
— निवृत्त मुख्याध्यापक, म्हापसा

सर, की घेऊन काही सुधारणार नाही. तुमचा प्रश्न कीचा नाही, मशीनचा आहे. विंडोज ११ला ठरावीक प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती नसेल तर की काहीही करू शकत नाही. शिवाय इतक्या स्वस्तातल्या कीज बहुधा कंपन्यांच्या घाऊक लायसन्समधून फोडून विकलेल्या असतात आणि केव्हाही बंद पडू शकतात.

विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यानंतर मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापरासाठी जादा सुरक्षा अपडेटची योजना दिली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणी दिसते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवलात तर पैसे पडत नाहीत. बँकेचं काम त्या मशीनवर करता, म्हणून हे आठवड्याभरात कराच.

दरम्यान लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून लावून बघा. काही बसवायची गरज नाही. पेन ड्राइव्ह काढला की तुमचं विंडोज जसंच्या तसं. त्यात फायरफॉक्स आणि लिबरऑफिस आधीपासून असतं, इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून जोडता येतो. लिबरऑफिसमध्ये फाँट बदलूनही मराठी अक्षर बदलत नाही असं वाटलं तर भाषेच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ची खूण करा, देवनागरीचा फाँट तिथे वेगळा ठेवलेला असतो. पेन ड्राइव्हवरून सगळं हळू चालेल, त्यावरून मत बनवू नका. प्रिंटर चालतो का आणि तुमच्या बँकेची साइट नीट उघडते का, एवढं आधी तपासा.

इरफानव्ह्यू स्टुडिओत वापरतो. फुकट आहे ना?
— फोटोग्राफर, जळगाव

फोटो बघायचं हे सॉफ्टवेअर घरी फुकट, स्टुडिओत नाही. धंद्याच्या वापरासाठी त्याचं लायसन्स घ्यावं लागतं, आणि ते महाग नाही; तुम्ही रोज वापरता तर घ्याच. दुसरा संगणक लांबून चालवायच्या टीमव्ह्यूअरचंही तसंच, ते धंद्याचा वापर ओळखून मधेच जोडणी तोडतं. त्याच्या जागी रस्टडेस्क हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. वेबसाइटसाठी फोटोंचं वजन कमी करायचं असेल तर गूगलच्या क्रोम टीमचं स्कूश ब्राउझरमध्ये उघडा. फोटो तुमच्या मशीनबाहेर जात नाही, आणि मधली रेघ सरकवून आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी-शेजारी बघता येतो. नवरीच्या शालूची जर बघून गुणवत्ता ठरवा; फोटो बिघडतो तो आधी तिथे दिसतो.